टाकीची आतली बाजू

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग करणाऱ्या एखाद्या युनिटमध्ये पत्र्याचा भाग रंगाच्या बूथपर्यंत पोहोचण्याआधी ओळीने मांडलेल्या टाक्यांमधून बुडवून काढला जातो. कामगार याला ‘सेव्हन टँक प्रोसेस’ म्हणतात. पहिल्या टाकीत गरम अल्कली असते आणि ती फक्त तेल-ग्रीस काढते. मग पाणी. मग ॲसिड, जे गंज काढते. पुन्हा पाणी. मग फॉस्फेटचा थर, परत पाणी, शेवटी पॅसिव्हेशन आणि लगेच ओव्हनमध्ये वाळवण. युनिटनुसार एखादी टाकी कमी-जास्त होते, पण क्रम कोणी मोडत नाही. मोडला तर रंग फुगून पापुद्रे सुटतात आणि माल परत येतो. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला उभा राहिला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्यांची मोठी साखळी तयार झाली. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरच्या हजारो घरांत हे ज्ञान पगाराबरोबर पोहोचलेले आहे. दुचाकीच्या पेट्रोल टाकीवर बाहेरून जो रंग टिकतो तो अशा पूर्वतयारीमुळेच. पण तीच टाकी काही वर्षांनी आतून गंजली की तिच्यावर जे उपचार होतात, त्यात या क्रमाचा मागमूस नसतो. बाटलीभर ॲसिड, मूठभर नट-बोल्ट, जोरात हलवाहलव, पाण्याची नळी आणि लगेच पेट्रोल. टाकी दोन दिवस चकचकीत दिसते, आणि महिना-दोन महिन्यांत कार्बोरेटरमध्ये पुन्हा तांबूस कचरा येतो. माझे म्हणणे असे की गंज क्रमाने काढला तरच निघतो. नुसता जोर लावून काढलेला गंज परत येण्याची तयारी करूनच जातो. बाहेरच्या बाजूला जी शिस्त आपण पाळतो, तीच आतल्या बाजूला लावली पाहिजे.

हे पटवून घ्यायचे तर टाकीत नेमके काय साचलेले असते ते आधी पाहावे लागते. ‘टाकी गंजली’ असे आपण एका दमात म्हणतो, पण आत दोन अगदी वेगळे पदार्थ असतात. एक गंज, म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांच्या संयोगातून झालेला ऑक्साइड. दुसरा पेट्रोलचाच अवशेष. पेट्रोलमधले काही घटक हवेच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडाइज होतात, एकमेकांना जोडले जातात आणि चिकट, पिवळसर-तपकिरी राळेसारखा थर तयार होतो. भारतीय मानक आयएस २७९६ मध्ये पेट्रोलमधल्या या गमवर मर्यादा घातलेली आहे, पण ती पंपावरच्या ताज्या पेट्रोलसाठी. गाडी सहा महिने, वर्षभर उभी राहिली, पेट्रोलचा हलका भाग उडून गेला की उरते ते हेच. जुन्या चेतक किंवा एम-८० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असायचे. त्या ऑइलचा पातळ थर पत्र्याला काही प्रमाणात जपायचा हे खरे, पण गाडी वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडली की तेच ऑइल या राळेत मिसळून डांबरासारखे घट्ट होते. म्हणून पडीक स्कूटरच्या टाकीचा तळ कधी कधी लालऐवजी काळा दिसतो. त्या काळ्या थराखाली गंज असतोच. तो फक्त झाकलेला असतो.

आता ॲसिड हे पाण्यात मिसळलेले रसायन आहे. तेलकट कढईवर पाणी टाकले की ते थेंब-थेंब होऊन घरंगळते, तसेच या राळेवरून ॲसिड घरंगळते. जिथे राळ नाही तिथला गंज पहिल्या दहा मिनिटांत निघतो, आणि मग ॲसिड उघड्या पडलेल्या चांगल्या पत्र्याला खाऊ लागते. जिथे राळ आहे तिथला गंज जागचा हलत नाही. मिस्त्रीला वाटते ॲसिड कमी पडले, म्हणून तो आणखी ओततो किंवा जास्त वेळ ठेवतो. चांगला पत्रा पातळ होतो आणि खराब भाग तसाच राहतो. सेव्हन टँकच्या ओळीत पहिली टाकी तेल काढण्याची का असते, याचे उत्तर एवढेच आहे. पेट्रोल टाकीच्या बाबतीत ही पहिली पायरी म्हणजे राळ विरघळवणारा द्रव, थिनर किंवा ॲसिटोन, आत फिरवून काही तास ठेवणे, आणि तो काढून झाल्यावर गरम पाण्यात धुण्याचा सोडा व साबण घालून टाकी दोन-तीनदा धुणे. रॉकेलने टाकी विसळण्याची जुनी पद्धत आहे. त्याने सैल कचरा आणि ताजे तेल निघते, पण जुनी राळ फारशी सुटत नाही. थिनर बाहेरच्या रंगावर सांडला तर रंग जातो, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. हे काम करताना कॉक, झाकण, इंधन दाखवणारा फ्लोट, आणि नव्या गाड्यांत टाकीतच बसवलेला पंप, सगळे काढून ठेवलेले असले पाहिजे. पंपाचे आणि फ्लोटचे रबर, प्लास्टिक आणि तांब्याच्या तारा यांना यातले कोणतेच रसायन मानवत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मराठवाड्याची हवा कोरडी, पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, मग इथे टाकी गंजेलच कशाला, ते कोकणातले दुखणे, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. मे महिन्यात इथल्या हवेत गंज धरण्याइतका ओलावा नसतो. पण जुलै ते सप्टेंबर हवा दमट असते, आणि टाकीला झाकणातल्या बारीक छिद्रातून श्वास घ्यावाच लागतो; तो घेतला नाही तर पेट्रोल खाली उतरणारच नाही. दिवसा तापून आतली हवा बाहेर जाते, रात्री थंड होऊन बाहेरची दमट हवा आत येते. हा ओलावा किती असतो याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सियसला पूर्ण ओलाव्याने भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. टाकीतली रिकामी जागा दहा लिटर धरली तर तिच्यात जास्तीत जास्त ०.३ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा थेंब. रात्री हवा थंड झाल्यावर यातला निम्म्याहून कमीच भाग पत्र्यावर उतरतो. एवढ्याशा पाण्याने तळाशी डबके साचत नाही. पण ते टाकीच्या छताच्या आतल्या अंगावर पसरले की अतिशय पातळ ओलसर पापुद्रा तयार होतो, आणि गंज धरायला तेवढा पुरतो. म्हणूनच अर्धी रिकामी टाकी टॉर्च मारून पाहिली तर वरच्या भागावर एकसारखी, पुडीसारखी तांबूस भुकटी दिसते. हा गंज उथळ असतो, आणि निघतोही लवकर.

तळाचा गंज वेगळा. तिथे खड्डे पडलेले असतात, आणि त्यासाठी चमचाभर का होईना, खरे साचलेले पाणी लागते. ते हवेतून आलेले नसते. बहुतेक वेळा ते झाकणातून आलेले असते. मोटरसायकलच्या झाकणाभोवतीच्या खोबणीत पाणी साचू नये म्हणून अनेक मॉडेलांत एक बारीक छिद्र आणि टाकीच्या आतून खाली जाणारी नळी दिलेली असते. आपल्याकडची धूळ हे छिद्र बुजवते. मग पावसात, किंवा धुलाई केंद्रावर जोराच्या फवाऱ्याने गाडी धुताना, खोबणीत पाणी तुंबते आणि जुन्या, कडक झालेल्या रबराच्या कडेने आत झिरपते. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते थेट तळाला जाते, आणि नेमके त्या जागी बसते जिथे पत्र्याचे दोन भाग वेल्डिंगने जोडलेले असतात. टाकीचा पत्रा आतून कोरा नसतो, त्यावर जस्ताचा किंवा तत्सम धातूचा संरक्षक थर असतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या रेषेवर तो थर जळतो किंवा कमजोर होतो. सगळ्यात अशक्त जागा आणि सगळ्यात जास्त पाणी एकाच ठिकाणी येतात. टाकी जेव्हा जेव्हा गळते तेव्हा बहुधा तळाच्या जोडाशीच का गळते, याचे कारण हे आहे. आणि म्हणून टाकी साफ करून झाकणाचे रबर जुनेच ठेवणे, नळीचे छिद्र तार घालून मोकळे न करणे, हे अर्धवट काम ठरते. दोन्हींचा खर्च नगण्य आहे.

या ठिकाणी दुसरा आक्षेप येतो, आणि आजकाल तो सगळ्यात मोठ्या आवाजात येतो: हे सगळे इथेनॉलमुळे होते. देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि वीस टक्क्यांचे जे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते ते २०२५ वर आणण्यात आले. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला या धोरणाची शेतकऱ्याच्या बाजूनेही ओळख आहे. इथेनॉल पाणी ओढते, हे खरे. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष घाईचा आहे. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. पडलेला प्रत्येक थेंब तळाशी जाऊन पत्र्याला चिकटून बसतो आणि कधीच बाहेर पडत नाही. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मात्र साधारण तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवते, म्हणजे दहा लिटरमागे जवळपास ५० मिली. वीस टक्क्यांचे त्याहून जास्त. रोज चालणाऱ्या गाडीत हे पाणी पेट्रोलबरोबर इंजिनात जाते आणि वाफ होऊन निघून जाते. अशा गाडीला इथेनॉल एक प्रकारे मदतच करते. धोका आहे तो उभ्या गाडीला. मर्यादेपलीकडे पाणी गेले किंवा तापमान बरेच खाली आले, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. मग तळाशी चमचाभर पाण्याच्या जागी पेलाभर पाणी-इथेनॉल असते, आणि कॉक किंवा पंप नेमका तोच थर ओढतो. शिवाय इथेनॉल जुनी राळ सैल करते. वर्षानुवर्षे शुद्ध पेट्रोलवर चाललेल्या टाकीत नवे पेट्रोल गेल्यावर जो कचरा अचानक जाळीत येतो, तो बराचसा आधीपासून तिथे होता. इथेनॉलने तो उपटून काढला. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरचे ट्यूनिंग यांवर इथेनॉलचे परिणाम होतात, मायलेज काही टक्क्यांनी घटते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांच्या मालकांची काळजी खोटी नाही. पण टाकीच्या गंजाचे सगळे खापर त्यावर फोडले की झाकण, धूळ आणि उभी ठेवलेली गाडी ही खरी कारणे नजरेआड होतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा वीस टक्क्यांचे पेट्रोल कुठेच नव्हते. महिनोन्‌महिने हललेली नाही अशी गाडी तेव्हाही गंज धरण्याच्याच वाटेवर होती.

आता खुद्द गंज काढण्याची पायरी. बाजारात सहज मिळते आणि सगळ्यात वेगाने काम करते ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे फरशी साफ करण्याचे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले, ते माणसांवरच्या हल्ल्यांमुळे. पण टाकीच्या दृष्टीनेही हे रसायन दूर ठेवावे असे मला वाटते. ते अर्ध्या तासात गंज उतरवते हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही. ज्या गॅरेजमध्ये दिवसाला आठ गाड्या येतात त्याला चोवीस तास एक टाकी अडकवून ठेवणे परवडत नाही, हेही समजण्यासारखे आहे. पण हे ॲसिड गंज आणि लोखंड यांत फरक करत नाही. लोखंडाशी त्याची क्रिया झाली की हायड्रोजन वायू निघतो, जो स्वतः ज्वालाग्राही आहे. उरलेला जस्ताचा थर ते काही मिनिटांत खाऊन टाकते. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यातले क्लोराइड जोडाच्या घडीत अडकून राहतात. कितीही धुतले तरी त्या फटीतून ते पूर्ण निघत नाहीत, आणि क्लोराइड हा गंजाचा जुना सोबती आहे. समुद्रकिनाऱ्यावरचे लोखंड त्याच्याचमुळे इतक्या झपाट्याने जाते. कोरड्या मराठवाड्यातल्या टाकीत आपण आपल्या हाताने समुद्राचे मीठ भरून ठेवतो. अर्ध्या तासात काम उरकून केलेली बचत महिनाभराने दुप्पट किमतीने फेडावी लागते, आणि ती गॅरेजवाला फेडत नाही.

याऐवजी दोन सौम्य पर्याय आहेत. पहिला सायट्रिक ॲसिडचा, किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळणारे. एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला अर्धा किलो. ते गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात आणते. क्रिया संथ असते, सहा तासांपासून रात्रभर लागते, आणि त्यामुळेच मधे मधे टॉर्च मारून पाहता येते व वेळेवर थांबवता येते. दुसरा पातळ केलेल्या फॉस्फरिक ॲसिडचा. ते गंज काढते आणि मागे लोह-फॉस्फेटचा करडा थर सोडते, म्हणजे सेव्हन टँकमधल्या फॉस्फेटच्या टाकीचेच काम, कच्च्या स्वरूपात का होईना, करते. कोणतेही घेतले तरी टाकी गळ्यापर्यंत भरावी. अर्धी भरली तर द्रव आणि हवेच्या सीमारेषेवर पत्रा जास्त खाल्ला जातो, आणि छताचा गंज तर तसाच राहतो. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण उत्साहात ती विसरली जाते: सौम्य ॲसिडसुद्धा जस्त खाते. टाकीचा बहुतेक भाग आतून अजून चमकदार असेल आणि गंज फक्त एखाद्या पट्ट्यात असेल, तर ॲसिड भरूच नये. धुवावी, गाळणी बसवावी, झाकण दुरुस्त करावे आणि गाडी चालवत राहावी. न केलेली सफाई कधी कधी केलेल्या सफाईपेक्षा टाकीचे आयुष्य वाढवते.

नट, साखळी, खडी आत टाकून हलवण्याची पद्धत टाकाऊ नाही. जाड पापुद्रे रसायनाने सुटायला फार वेळ घेतात. ते आधी आपटून सैल केले तर रसायन कमी लागते. पण टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यामागे नट अडकतो आणि मग तो टाकीच्या आयुष्यभर तिथेच राहतो. बारीक साखळी बरी, एका टोकाला तार बांधलेली, म्हणजे ओढून काढता येते. वाळू कधीच नाही. कार्बोरेटरच्या लहान जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक दुचाकींत जे इंजेक्टर आले त्यांची छिद्रे त्याहूनही कितीतरी बारीक आहेत. कार्बोरेटर उघडून जेट फुंकता येतो. इंजेक्टरच्या बाबतीत ती सोय राहिलेली नाही. नव्या गाडीच्या टाकीतला गंज म्हणूनच जुन्या गाडीपेक्षा महाग पडतो.

ॲसिड ओतून दिल्यावरची पहिली पंधरा मिनिटे सगळ्या कामाचा निकाल ठरवतात, आणि नेमकी तीच आपल्याकडे चहाला जातात. ॲसिडखालून निघालेले लोखंड पूर्ण उघडे असते. ओल्या अवस्थेत हवेला लागताच ते डोळ्यांदेखत केशरी होऊ लागते. त्यामुळे क्रम आधीच मांडून ठेवलेला हवा: पाण्याने विसळणे, लगेच खायच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले ॲसिड मारणे, पुन्हा विसळणे, आणि शेवटचे विसळणे बॅटरीच्या पाण्याने. बोअरचे पाणी इथे जड आहे. त्यातले क्षार वाळल्यावर पत्र्यावर राहतात आणि पुन्हा ओलावा धरतात. मग वाळवण. या एका पायरीत मराठवाड्याचे हवामान आपल्या बाजूने आहे. एप्रिल-मे मध्ये चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात उघडी ठेवलेली टाकी पाहता पाहता कोरडी होते. हेच काम श्रावणात काढले तर ती आत घाम सोडत राहते. टाकीची सफाई पावसाळ्याआधी करावी, पावसाने गाडी बंद पाडल्यावर नाही. वाळल्याबरोबर थोडे टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून टाकीत सगळीकडे फिरवावे, आणि मग टाकी पूर्ण भरून टाकावी. कॉकच्या पुढे पारदर्शक गाळणी बसवली तर पहिल्या काही टाक्यांत काय सुटते आहे ते डोळ्यांना दिसते.

आतून इपॉक्सीचे लायनर लावून टाका, एकदाचे मिटेल, असे सुचवणारे बरेच असतात. सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडलेल्या, आणि दुसरी मिळणे अशक्य अशा जुन्या गाडीच्या टाकीसाठी हा उपाय योग्य आहे. पण लायनर म्हणजे आतल्या बाजूचा रंगच, आणि रंगाला जी पूर्वतयारी लागते ती सगळी त्यालाही लागते. राळ शिल्लक असेल, पत्रा ओला असेल, सोडा नीट धुतला गेला नसेल, तर तो पापुद्र्यांनी सुटतो, आणि तो पापुद्रा पंपाच्या जाळीवर गंजापेक्षा घट्ट बसतो. शिवाय इथेनॉल न सोसणारे लायनर काही महिन्यांत मऊ पडते. ज्याने पहिल्या पायऱ्या नीट केल्या त्याला लायनरची गरज बहुधा उरत नाही. ज्याने त्या टाळल्या त्याला लायनर वाचवत नाही.

या सगळ्यातून निघालेला घाण द्रव कुठे जातो, हा प्रश्न गाडीच्या मालकाला सहसा पडत नाही. शहरातल्या गॅरेजांच्या दारातली गटारे नाल्यांत जातात, नाले खाम नदीत. पाणचक्कीजवळून वाहणारी ही नदी पुढे गोदावरीकडे जाते, आणि गोदावरीवरच्या जायकवाडीच्या जलाशयातून आपण प्यायचे पाणी आणतो. खामच्या पुनरुज्जीवनासाठी गेल्या काही वर्षांत महापालिकेने, उद्योगांनी आणि नागरिकांनी खूप कष्ट घेतले आहेत. पेट्रोल आणि थिनरचे धुवण गटारात ओतणे हा त्या कष्टांचा अपमान आहे. सोड्याने मारलेल्या लिंबूसत्त्वाचे पाणी तुलनेने निरुपद्रवी. पण पहिल्या पायरीतला द्रव डब्यात साठवून वापरलेल्या ऑइलबरोबर अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यातच मोडते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याआधीच्या टाक्यांच्या तळाच्या भुकटीत शिसे असू शकते. अशी टाकी कोरडी खरवडू नये, आणि तिच्यात तोंडाने फुंकू तर मुळीच नये.

शेवटी जिवाची गोष्ट, जी खरे तर सगळ्यात आधी पाळायची. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या शेगडीपर्यंत, गिझरपर्यंत पोहोचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांदरम्यान असले की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती आतून सहसा पेटत नाही. रिकामी केलेली टाकी मात्र हवा शिरल्यामुळे नेमक्या या टप्प्यात येते. लोकांना वाटते त्याच्या अगदी उलट, रिकामी टाकी जास्त घातक आहे. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत, हातमोजे आणि गॉगल घालून करायचे. ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि थिनर किंवा ॲसिटोन आत असताना ड्रायर किंवा हीट गन जवळ आणायची नाही. छिद्र पडलेली टाकी ‘फक्त एक टाका मारून द्या’ म्हणून तशीच वेल्डिंगला नेणे हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात जीवघेणा शॉर्टकट आहे. कोरडी दिसणारी टाकीसुद्धा राळेत पेट्रोल धरून असते आणि तापली की ते वाफेच्या रूपाने सोडते. तळाचा जोड बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर सफाईचा विचार सोडून नवी टाकी घ्यावी. जुनी भंगारात देतानाही साबणाच्या पाण्याने धुऊन, झाकण काढून, पाण्याने काठोकाठ भरून द्यावी आणि आत पेट्रोल होते हे सांगावे, कारण भंगारवाल्याकडे तिला गॅस कटर लागणार असतो.